साग आहे तर रंग कशाला?

आबा, तुमचा पलंग आम्ही उघडला.

तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, कोणी उघडला, कोणासमोर उघडला आणि तेव्हा तू कुठे होतीस. मी तिथेच होते. सुताराच्या पुढ्यात स्टूल टाकून बसले होते, तुम्ही बसायचात तशीच, एक पाय वर घेऊन. चहा टाकायला उठले तेव्हासुद्धा गॅसपाशी उभी राहून दारातून त्याच्या हातांकडे बघत होते. चहा उतू गेला. खाण तशी माती, दुसरं काय?

तुमच्याइतका संशयी माणूस मी अजून पाहिलेला नाही. टोकावड्याच्या दुकानात साखर घेतलीत की पुडी तळहातावर तोलून बघायचात आणि दुकानदाराने कितीही तोंड वाकडं केलं तरी ती पुन्हा काट्यावर ठेवायला लावायचात. एसटी आली की पाटी वाचून झाल्यावर ड्रायव्हरला विचारायचात आणि मग कंडक्टरला, की नक्की मुरबाडलाच जाते ना. आई म्हणायची, "यांना देव भेटला तरी आधी चिमटा काढून बघतील." माझं लग्न शेणव्याला ठरलं तेव्हा तुम्ही जुना गोठा उतरवला होतात आणि त्याचे सागाचे खांब पडवीत रचून ठेवले होते. त्यातून माझ्यासाठी पलंग करायचा, असं तुम्ही ठरवलंत. चार कोपऱ्यांना माणसाच्या उंचीचे चार खांब, मच्छरदाणी बांधायला, कारण शहापूरकडच्या डासांवरही तुमचा विश्वास नव्हता.

सुतार आपल्या अंगणात येऊन काम करायचा आणि तुम्ही त्याच्यासमोर. एक खांब रंधून झाला, त्याला पलंगाच्या आडव्या पाटीसाठी भोक पाडून झालं, की तुम्ही वाटीतल्या ओल्या गेरूत अंगठा बुडवून भोकाच्या कडेला दाबायचात, पाटी बसली की बरोबर झाकली जाईल अशा जागी. एकदा मी दारात उभी राहून बघत होते. तो अंगठा म्हणजे, हा खांब माझ्या डोळ्यांदेखत झाला, मधे कोणी बदलला नाही. सुतार बिचारा दुखावला. म्हणाला, "काका, माज्यावर इसवास नाय का?" तुम्ही म्हणालात, "तुज्यावर हाय रे. लाकडावर नाय." मला तेव्हा हसू आलं होतं.

लग्नात तो पलंग मांडवात ठेवला तेव्हा त्याला गडद चॉकलेटी ऑइलपेंट दिलेला होता. माझ्या सासूबाई आल्या, बोटाच्या पेराने खांब ठोकून बघितला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साग हाय तर रंग कशाला?" तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "उघडा साग दिसला का धा जन इचारतात, कुठून आनला. म्हनून रंगवला. शंका वाटली तर जोड उघडून बगा, चारी खांबांवर माजा अंगठा हाय." आता लग्नातला पलंग कोण उघडणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. टेम्पोत घालून तो इकडे आला आणि त्याच्याबरोबर मी.

तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण तुमच्या त्या पलंगामुळे या घराला एक म्हण मिळाली. मी तोंडाला पावडर लावली की सासूबाई म्हणणार, साग हाय तर रंग कशाला? बाजारातून लालभडक कलिंगड आलं, तरी तेच. परवा माझ्या धाकट्याने शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगाने मिशी रंगवून घ्यायला नकार दिला, का तर म्हणे, "साग हाय तर रंग कशाला?" वर्गाच्या बाई हसून हसून बेजार झाल्या. मी हसले नाही. या घरात मी जेवढ्या वेळा ते वाक्य ऐकलं, तेवढ्या वेळा एकच उत्तर दिलं, आत आबांचा अंगठा आहे. मान ताठ ठेवून दिलं. आणि पहिल्याच वर्षी, घरात कोणी नसताना, कात्रीच्या टोकाने एका खांबाचा रंग भिंतीकडच्या बाजूने खरवडून पाहिला. खाली साग होता. उरलेले तीन खरवडले नाहीत. का नाही, ते तुमच्या मुलीला विचारू नका.

मोठी माझ्या पोटात होती तेव्हा तुम्ही गेलात. आता ती सहावीत आहे आणि धाकटा तिसरीत. दोघं खाली एका गादीवर झोपायची आणि सकाळी एकमेकांची तक्रार घेऊन यायची, हिने लाथ मारली, याने चादर ओढली. आमच्यासाठी यांनी प्लायवूडचा, खाली कप्पा असलेला पलंग आणला, तेव्हा तुमचा पलंग मुलांच्या खोलीत गेला. एक दिवस मोठी त्यावर उताणी पडून वर बघत होती. म्हणाली, "आई, आपला पलंग वरून रिकामाच आहे." खरंच होतं ते. मच्छरदाणी केव्हाच सुटली होती आणि चार खांब नुसतेच छताकडे बघत उभे होते. मोबाइलमध्ये तिने दुमजली पलंग पाहिले होते. वर एक, खाली एक, मधे शिडी. आपल्याकडे खांब आहेतच, वर फक्त एक मजला घालायचा.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "एकावर एक निजवायची पोरं? वरचं रोज खालच्याला ओलांडील. वाढ खुंटंल त्याची." धाकटा घाबरला, आधीच वर्गात सगळ्यात बुटका आहे. मोठी म्हणाली, "आजी, मी ओलांडणार नाही, शिडीने जाईन." त्यावर बराच विचार करून निकाल आला, "मंग शिडी पायथ्याला लावा. डोक्याकडनं नको." मला वाटलं मिटलं. तेवढ्यात हे, कंपनीतून आलेले, बूट काढता काढता मिशीत हसले. "पलंग रुंद आहे, कापून अरुंद करावा लागेल. म्हणजे जोड उघडावे लागतील." मग स्वतःच्या आईकडे बघून म्हणाले, "एकदा कळेल तरी." सासूबाई म्हणाल्या, "उघडा खुशाल. पन मना दाखवल्याबिगर बंद करू नका."

आबा, मला तेव्हाच शंका आली की पलंग वरून रिकामा आहे हे मुलीच्या डोक्यात कोणीतरी घातलं. अजून आहे ती शंका. इतकी वर्षं मी तुमच्या अंगठ्याच्या जोरावर या घरात ताठ मानेने वावरले. नांदायला आले तेव्हा माझ्याजवळ एक तुमचा शब्द आणि दुसरं तुम्ही दिलेलं शिलाईचं हातमशीन, एवढंच होतं. मशीनवर मी गावभरचे ब्लाउज शिवते, त्याची खात्री रोज होते. शब्दाची खात्री व्हायची वेळ आता आली होती, आणि मला ती नको होती. पण नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की चोराच्या मनात चांदणं.

सुतार शेजारच्या गावातला. बोलका, तंबाखूचा बार भरलेला. हे कामावर गेलेले, मुलं शाळेत, सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या, आणि मी स्टुलावर. माझ्याकडे बायका कापड देताना वितीने मोजून देतात आणि परत नेताना चिंध्यासुद्धा मागून घेतात. शिवणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, मग लाकूडवाल्यावर मी का ठेवू? त्याने जोडातल्या लाकडी खुंट्या ठोकून काढल्या, पाटी हलवली आणि पहिला खांब सुटा केला. भोकाच्या कडेला गेरूचा अंगठा होता. केवढा मोठा, पसरट, मातीत राबलेला अंगठा. फोटोत तुम्ही टोपी घालून ताठ बसलेले असता, तो फोटो बघून मला कधी काही वाटत नाही. पण तो अंगठा बघितला आणि मी आपला अंगठा त्याच्यावर टेकवला. दुसऱ्यावर होता. तिसऱ्यावर होता. मी सासूबाईंना हाक मारायला तोंड उघडलं, पण म्हटलं, चारी होऊ देत, मग एकदमच बोलावते. तुमचा गुण नडला नाही, त्याने तारलंच.

चौथ्यावर नव्हता.

सुताराने पटाशीने भोक साफ केलं तर पिवळट ढलप्या निघाल्या. बाकीच्या तिघांच्या तपकिरी होत्या, त्यांना सागाचा तो तेलकट वास होता. ह्याला काहीच वास नाही. मी उठून उभी राहिले. डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाला म्हटलं, "हा खांब बदललात काय तुम्ही?" तो हसला. "बदलाय टाइम कुठं दिला तुमी, ताई? मी थुकाय गेलो तरी तुमी दारात." आणि खरंच, त्या खांबावरही तोच जुना चॉकलेटी रंग होता, तेच ओघळ, तेच टवके. तो मला समजावायला लागला, "हेद हाय ह्यो. लाकूड वाईट नाय, पोरं वर नाचली तरी काय व्हनार नाय. पन साग नाय." हेद म्हणजे आपल्या सिद्धगडच्या जंगलातलं पिवळं लाकूड, गरिबाच्या घराला लागतं ते. तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला वासावरून कळायचं.

तो भाकरी खायला अंगणात गेला आणि मी त्या खांबापाशी बसून राहिले. मग मला मशीनचा दिवस आठवला. सुताराचं काम चालू असताना तुम्ही स्टूल सोडून एकदाच गेला होतात, माझ्यासाठी शिलाईमशीन आणायला मुरबाडला. दुसऱ्या कोणाला पाठवायचं तर तो खराब मशीन घेऊन येईल, म्हणून स्वतः गेलात. दुकानात तीन खोकी उघडायला लावलीत, प्रत्येक मशीनवर चिंधी शिवून बघायला लावलीत, आणि एसटीच्या टपावर ठेवू न देता सगळा रस्ता ते मांडीवर घेऊन बसलात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा मांड्यांना रग लागली होती. मी ओटीवर मशीनभोवती नाचत होते. तुम्ही अंगणात गेलात. सुतार काम संपवून, पलंग जोडून निघून गेला होता. तुम्ही पलंगाभोवती फिरलात, एका खांबापाशी थांबलात, त्याला नाक लावलंत. मी हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं, पण मशीनपुढे कोण लक्ष देतो? साखरेच्या पुडीसाठी भांडणारा माणूस एक शब्द बोलला नाही. आणि दुसऱ्या दिवशी चॉकलेटी रंगाचा डबा आला.

म्हणजे सासूबाईंचा संशय पाव खरा होता, आबा. चारांतला एक खांब वेगळा दिसला असता म्हणून चारी रंगवलेत. तुम्ही नजर हटवलीत आणि सुताराने डाव साधला, असं एक मन म्हणतं. लग्न तोंडावर, आता भांडून पलंग होणार नाही, म्हणून तुम्ही गिळलंत. दुसरं मन मात्र तुमच्याकडूनच शिकलेलं आहे. ते विचारतं, भाताच्या पिकावर भागवणाऱ्या माणसाने ऐन लग्नात मशीन कुठून आणलं? चौथा साग सुताराने चोरला, की तुम्हीच त्या दिवशी मुरबाडला जाताना विकायला बरोबर नेला? मला माहीत नाही. तुम्हाला विचारता येत नाही, आणि विचारलं असतं तरी तुम्ही सरळ उत्तर दिलं असतंत यावर माझा विश्वास नाही. पण काहीही झालं असलं तरी तो खांब माझ्या मशीनपायी गेला. आधी मला तुमचा राग आला, भर मांडवात हात जोडून "चारी" म्हणालात म्हणून. मग रडू आलं. जन्मभर कशावरून नजर न हटवणाऱ्या माणसाने एकदा नजर हटवली, ती माझ्यासाठी.

तुळशीपाशी सारवायला आणलेला गेरू घरात होता. मी वाटीत कालवला, अंगठा बुडवला आणि चौथ्या खांबावर, भोकाच्या कडेला, दाबला.

हात धुवायच्या आत सासूबाई आत आल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना नको तेवढं दिसतं. पहिल्या खांबापाशी वाकल्या, बघितलं. दुसरा बघितला. तिसऱ्यापाशी "हूं" म्हणाल्या. चौथ्यापाशी बराच वेळ थांबल्या. "ह्यो बारीक दिसतो गो." मी म्हटलं, "लाकडाने ओढून घेतला असेल." त्यांनी त्यावर बोट टेकवलं. बोट लाल झालं. त्यांनी ते बोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, जो मी पदराखाली घेतला होता. इतकी वर्षं ज्या क्षणाची त्या वाट बघत होत्या तो त्यांच्या बोटावर होता. त्यांनी बोट शांतपणे स्वतःच्या लुगड्याला पुसलं आणि म्हणाल्या, "हात धू जा आधी. पिठाला लागंल."

संध्याकाळी हे आल्या आल्या विचारायला लागले. मी पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही. ओटीवरून सासूबाईच म्हणाल्या, "चारी हायत. मी बगितले माज्या डोळ्यांनी." हे जरा हिरमुसलेच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी रात्रभर विचार करत राहिले, की त्यांनी हे का केलं? माया आली म्हणावं, तर इतकी वर्षं कुठे होती? की हे गुपित गाठीला बांधून ठेवलंय, अडीअडचणीला काढायला? तेव्हापासून त्या एकदाही साग आणि रंग म्हणालेल्या नाहीत. त्यामुळे तर मला जास्तच शंका येते.

पुढे यांनी नवीनच काढलं. "आता खरवडून पॉलिश करू. एवढा साग आहे तर दिसू दे." मी म्हटलं, "नको. उघडा साग दिसला की दहा जण विचारतात, कुठून आणला." एवढं मी बोलले आणि मलाच तुमचा आवाज ऐकू आला, मांडवातला. ह्यांनी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेच ते, घरातली म्हण. तेवढ्यात आतून सासूबाई, "पोरांना निळा पायजे ना? मंग निळा दे. कशाला लाकूड खरवडीत बसतोस?" तर आता तुमचा पलंग निळा आहे. वर मोठी झोपते, खाली धाकटा. शिडी पायथ्याला आहे, आणि तरीही धाकटा दर रविवारी दाराच्या चौकटीपाशी उभा राहून उंची मोजून घेतो, वाढ खुंटली नाही ना म्हणून. तो तुमच्यावर गेलाय. चौथा खांब त्याच्या उशाशी आहे. पहिले काही दिवस मी रोज त्याला लोंबकळून बघत होते. हलला नाही.

मी हे मशीनवर बसून लिहिते आहे, गिऱ्हाइकाचा ब्लाउज बाजूला सारून. कागद कुठे पाठवायचा नाही. मशीन हल्ली एका बाजूला डुगडुगतं, तर याची घडी करून त्याच्याखाली घालीन. तुम्ही मांडीवर घेऊन आलेलं मशीन तुमच्याच पत्रावर टेकेल.

एक सांगायचं राहिलं. माझा अंगठा यांच्याकडे तुमचा म्हणून इतका सहज खपला, तेव्हापासून मला उरलेल्या अंगठ्यांचाही संशय येतो. एक दाबताना मी पाहिला होता. बाकीचे दोन कोणाचे? सुताराचाही अंगठा असाच पसरट असणार. हवं तर बघता येईल, एक खुंटी ठोकून काढली की पाटी सुटते. हातोडी हाताशीच आहे. पण आबा, तुमची मुलगी असून सांगते, मला बघायचं नाही.